पोवळ्याला कांजण्या

आई म्हणते, पोवळं अंगठीत घातलं की मंगळ शांत होतो. मी चाळीस डॉलर मोजून जिवंत पोवळं खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत ठेवलं आणि आमच्या न्यू जर्सीच्या घरातला मंगळ खवळला.

तुकडा अंगठ्याएवढा. झोअँथिड. खरं तर हे पोवळ्याचं चुलत भावंड, पण दुकानात सगळ्यांना कोरलच म्हणतात. निळ्या दिव्याखाली त्याची गोल तोंडं हिरवी बटणं पेटल्यासारखी दिसतात. दुसऱ्या दिवशी दात घासत बघतो तो बटणं मिटलेली आणि बुडाशी पांढरे ठिपके. सतरा. ब्रश तोंडात धरूनच मोजले.

ठिपका म्हणजे अंडी, ही माझी पहिली शंका. झोअँथिड खाणारी एक बिनशंखाची गोगलगाय असते. ज्याला खाते त्याचाच रंग अंगावर घेऊन त्याच्यातच बसते. चोराने घरमालकाचाच सदरा घालून ओसरीवर बसावं, तसं. अंडीही वेटोळ्यात घालते. भिंग लावलं. ठिपके वेटोळेच!

व्हिडिओ कॉलवर आईनं निदान केलं, "अरे, कांजण्या आहेत. कडुलिंबाचा पाला टाक." मी हसलो, मग आठवलं, झोअँथिडांना झोआ पॉक्स नावाचा रोग खरंच होतो, देठांवर पिवळट पुरळ उठतात. हसू थांबलं. मागून मालवणची मामी डोकावली. "आमच्याकडे पोवळ्याला हात लावला तर वनखातं धरून नेतं, आणि तू पैसे देऊन रोगट आणलंस?" मामीचं खरं आहे. 2001 पासून भारतात प्रवाळ वाघाच्या पंगतीला, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

"माझ्या कोपरावरचा डाग तीन महिने दाखवतेय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "उन्हाचा असेल म्हणालास. न बघता."

मी हातमोजे चढवले, गॉगल लावला. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. सुईनं ठिपका टोचला. अंडी असती तर जेलीसारखी दबली असती. हा टणक, चुन्याचा. थोड्या वेळानं वेटोळ्याच्या तोंडातून केसाएवढा पंखा बाहेर आला आणि पाण्यातलं काहीबाही गाळून खाऊ लागला. स्पायरॉर्बिस. नळीत राहणारा किडा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बटणं नुसती प्रवासानं रुसली होती, दुपारपर्यंत उघडलीसुद्धा.

आनंदानं मी बायकोला हाक मारली. ती आली, टाकीकडे पाहिलंच नाही. कोपर निळ्या दिव्याखाली धरलं आणि माझ्या हातात भिंग दिलं.

"हं, आता हा बघ. गॉगल राहू दे."