रापा नुईच्या लोकांनी स्वतःचा नाश करून घेतला नाही

जूनमध्ये पर्यावरण दिन आला की ईस्टर बेटाची गोष्ट हमखास फिरू लागते. पॅसिफिक महासागरातल्या या एकाकी बेटावरच्या (तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात) माणसांनी प्रचंड मूर्ती हलवायला सगळी झाडं तोडली, मग उपासमार झाली, आपसांत लढून ते संपले, आता पाळी आपली. तिथे जाऊन आलेले प्रवासीही उघडी माळरानं आणि पालथे पडलेले मोआई, म्हणजे त्या दगडी मूर्ती, दाखवून हेच सांगतात. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते, कारण तिच्यात मार खाणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं आहे.

जंगल गेलं, हे खरं. साधारण १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन दर्यावर्दी इथे उतरले तेव्हा बेटावर ताडासारखी मोठी झाडं होती, ती पुढच्या काही शतकांत नाहीशी झाली. शेतीसाठी तोड आणि जाळपोळ झालीच. पण होड्यांतून आलेल्या उंदरांचाही त्यात हात होता. त्यांनी कुरतडलेल्या बिया उत्खननात सापडल्या आहेत. मूर्तींसाठी जंगल तोडलं म्हणावं, तर मोआई चालत गेले असं बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. भिंतीकडचं गोदरेजचं कपाट आपण एकेका कोपऱ्यावर डोलवत पुढे नेतो, तसंच. हवाईत सुमारे पाच टनांची प्रतिकृती अठरा जणांनी नुसत्या तीन दोरांनी शंभर मीटर चालवून दाखवली. ओंडके लागले नाहीत.

उपासमारीचं म्हणाल, तर १७२२ च्या ईस्टरच्या रविवारी पोचलेल्या डच याकोब रोग्गेव्हेनने या जमिनीचं कौतुकच केलं. केळी, ऊस, रताळी पिकत होती. झाडं नसलेल्या, वाऱ्याने सुकणाऱ्या जमिनीत लोकांनी दगड पसरून ओल धरली आणि दगडी कुंपणांच्या आडोशाला रोपं वाढवली. याच भेटीत डचांनी गोळ्या घालून दहा-बारा जणांना मारलं, हे मात्र त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

मूर्ती पाडल्या गेल्या, भांडणंही झाली असतील. पण डचांनी मोआई उभे पाहिले होते; पडझडीच्या नोंदी त्यानंतरच्या, युरोपीय जहाजं येऊ लागल्यावरच्या आहेत. आणि गोऱ्यांच्या आधीच हजारो माणसं मेली, या दाव्याला २०२४ मध्ये मोठा धक्का बसला. पंधरा जुन्या रापानुई माणसांच्या जनुकांत सतराव्या शतकातल्या अशा कोसळण्याची खूणच मिळाली नाही. लोकसंख्या लहान होती आणि हळूहळू वाढत होती.

खरा घाला आला तो १८६२ च्या अखेरीस. पेरूहून आलेल्या जहाजांनी माणसं पकडून नेली, सुमारे दीड हजार. त्यांत राजघराण्यातले होते, रोंगोरोंगो ही लिपी वाचणारे होते. ती विद्या त्यांच्याबरोबर गेली. ती लिपी कोरलेल्या लाकडी फळ्या आजही कुणाला वाचता येत नाहीत. बहुतेक जण पेरूत मेले. ओरड झाल्यावर उरलेल्यांना परत पाठवलं, त्यांतले जेमतेम पंधरा जिवंत पोचले आणि सोबत देवीची साथ घेऊन आले. गावंच्या गावं ओस पडली. पाठोपाठ क्षय आला. मग एका फ्रेंच माणसाने जमिनी बळकावून मेंढ्या आणल्या आणि कितीतरी लोकांना ताहितीच्या मळ्यांवर धाडलं.

१८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतलं. पुढे ते एका कंपनीच्या मेंढ्यांचं कुरण झालं आणि मूळ लोकांना हांगा रोआ गावाच्या भिंतीआड कोंडलं गेलं. कंपनी १९५३ पर्यंत होती. चिलीचे नागरिक म्हणून त्यांना पूर्ण हक्क मिळाले ते १९६६ मध्ये. प्रवाशाला दिसणाऱ्या त्या उघड्या माळांवर याही मेंढ्या चरल्या आहेत.

१८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. त्यांतल्या अवघ्या ३६ जणांचा वंश पुढे चालला. आजचे रापानुई त्यांचेच, आणि पूर्वजांनी आपल्या हाताने बेट बुडवलं ही गोष्ट त्यांच्याच मुलांना जगभरातून ऐकावी लागते.