काखेखालून घेतलेला पट्टा

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गेटवर एक गाडी थांबली होती. मागे साधारण नऊ-दहा वर्षांचा मुलगा. बेल्ट लावलेला, पण वरचा पट्टा काखेखालून घेतलेला. मी काच वाजवून सांगितलं, तर वडील म्हणाले, "लावलाय ना ताई, इथल्या इथेच तर जायचंय." तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

याला लावणं म्हणतात? तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून येताना माझी लेकही अशीच बसली होती. नऊ वर्षांची होती. मानेला घासतो म्हणून पट्टा काखेत. मी आरशात पाहिलं आणि गप्प बसले. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्या वळणावर पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला, मीही मारला. धडक झाली नाही. तरी रात्री तिचा फ्रॉक काढला तर बरगड्यांवर काळानिळा वळ. नुसत्या ब्रेकचा.

खालचा पट्टा पोटावर नाही, मांड्यांना लागून, कमरेच्या हाडावर हवा. वरचा खांद्याच्या मधून, छातीवरून. खालचा पोटावर सरकला की सगळा हिसका आतड्यांवर येतो. पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, म्हणून पोर साधारण पावणेपाच फुटांचं होईपर्यंत खाली बूस्टर, म्हणजे पोराला उंच बसवणारी बैठक, लागतो. "आता मोठा झाला" हे वयावरून कसलं ठरवता? आणि दोन भावंडांना एकाच बेल्टमध्ये कोंबणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही.

मान्य, बूस्टर स्वस्त नाही. पोरं कटकट करतात, तेही मान्य.

पण सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटवरच्या बेल्टबद्दल आपण सगळेच तावातावाने लिहीत होतो ना? कायद्यातही २०१९ पासून आहे, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा चाइल्ड सीटविना दिसलं तर चालवणाऱ्याला १००० रुपये दंड. दंडाचं जाऊ दे. तो वळ मला अजून दिसतो. "आई, दुखत नाही गं," असं तीच मला समजावत होती.

त्या बाबांवर मी जरा जोरातच ओरडले. मीही आरशात बघून गप्प बसलेच होते की. त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

लेक आता पाच फुटांना टेकलीय. तिचा बूस्टर माळ्यावर पडून आहे, न आपटलेला, धडधाकट. आत्ताच पुसून ठेवलाय. सकाळी त्यांच्याकडे नेऊन देते.