टपावरची बाई

आगगाडीच्या टपावर मी आयुष्यात पहिल्यांदा चढले ती इंग्लंडमध्ये, वयाच्या 52व्या वर्षी, शिडी चढण्याचं रीतसर प्रशिक्षण घेऊन, फॉर्मांवर सह्या ठोकून आणि डोक्याला हेल्मेट लावून. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या शनिवारी एका गृहस्थांनी याच्या नेमकं उलटं मानायचं ठरवलं होतं.

इकडे बंद पडलेल्या किंवा बंद पडू घातलेल्या रेल्वेलाइनी हौशी लोक चालवतात. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 साली अशी वाचवली, 1960 मध्ये ससेक्सची ब्लूबेल सुरू झाली, आणि मग गावोगावी पीकच आलं. आमच्या घराजवळही एक आहे. तिच्या वर्कशॉपमध्ये मी शनिवारी जुने डबे दुरुस्त करायला जाते. फुकट. म्हणजे फुकटही नाही, सभासद म्हणून वर्षाची वर्गणी मीच भरते.

सध्या हातात असलेला डबा लाकडी, पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा. असे डबे निकालात निघाले की चाकं काढून नुसता सांगाडा विकायचे. मग कुणी त्याची अवजारांची खोली करी, कुणी सुट्टीचं घर. आमच्या डब्यात एका शेतकऱ्याने कोंबड्या पाळल्या होत्या. आम्ही थरावर थर रंग खरवडले, पितळी कड्या घासल्या, सागवानावर वॉर्निश चढवलं, तरी पावसाळी हवा असली की फर्स्ट क्लासला खुराड्याचा वास येतो. थर्ड क्लासला येत नाही. कोंबड्यांनाही वर्ग कळत असावा.

गेल्या शनिवारी टपाचं काम होतं. या डब्यांचं छत म्हणजे फळ्या. फळ्यांवर रंगाचा जाड थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर कॅनव्हास पसरून, ताणून, कडेने बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकायच्या. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही. एकाने रुंद तोंडाच्या पकडीने कापड खेचून धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. खेचणारी मी. ठोकणारे आमचे म्होरके, ज्यांना मी मनातल्या मनात मुकादम म्हणते. मुकादम पूर्वी बँकेत मॅनेजर होते आणि प्रत्येक चूक कर्ज मंजूर करावं तशी ठोकतात. आधी बघतात, मग मान हलवतात, पुन्हा बघतात, मग हातोडी. मधे माझं नाक खाजलं, म्हणून मी परवानगी मागितली. मिळाली नाही.

अशा अवस्थेत, दोन्ही हात अडकलेले, गुडघे फळीवर, असताना खालच्या कठड्याशी ते गृहस्थ आले. अंगात पावसाळी जाकीट, गळ्यात कॅमेरा, काखेत थर्मास आणि पाठीमागे बायको.

"तुम्ही इंडियाच्या ना?"

"डोंबिवलीची," मी म्हटलं. हे मी मुद्दाम सांगते. त्यावर बहुतेक जण गप्प होतात.

"मग वर अगदी घरच्यासारखं वाटत असेल!"

आणि हसले. एकटेच. मग वळून बायकोला तोच विनोद पुन्हा सांगितला. ती कोंबड्यांच्या माहितीचा फलक अतिशय लक्ष देऊन वाचत होती. त्यामुळे त्यांनी तो तिसऱ्यांदा, जरा मोठ्याने, मला सांगितला.

"आम्ही आत बसायचो," मी म्हटलं.

"नाही नाही, मी पाहिलंय. टीव्हीवर."

आता काय सांगायचं? माझी सगळी नोकरी डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात उभ्याने झाली. फोर्थ सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी म्हणून, अर्धं बूड टेकायला मिळालं तर तो दिवस सणाचा. त्या डब्यात बायका मटार सोलायच्या, भिशीचे पैसे मोजायच्या, हळदीकुंकू करायच्या आणि "कुठे उतरणार?" या प्रश्नावर जन्माची वैरं धरायच्या. टपावर जायचं तर आधी दारापर्यंत पोचावं लागतं हो! ते जमलं असतं तर मी वेळेवर कामावर गेले नसते का?

"वर विजेची तार असते," मी म्हटलं. "पंचवीस हजार व्होल्टची."

"तरीही बसतात!" गृहस्थ कौतुकाने म्हणाले. "कमाल आहे तुमच्या लोकांची!"

बसायचे काही जण. पोरं असायची, आणि भाजून मरायची. गाड्या थांबायच्या, आम्ही डब्यात घड्याळं बघत चरफडायचो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी यायच्या. त्यात कौतुक करण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. पण हे टपावरून, पकडीला लोंबकळत, एका सहलीला आलेल्या माणसाला कसं समजावणार?

मुकादमांनी एक चूक मंजूर केली.

गृहस्थांनी थर्मास उघडला. म्हणजे मुक्काम ठरला. तरुणपणी ते बोरीबंदरहून पुण्याला डेक्कन क्वीनने गेले होते. ऑम्लेट खाल्लं होतं. घाटात मागून जादा इंजिनं लावतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. माझं माहेर डोंबिवलीचं, सासर पुण्याचं. मला खंडाळ्याचा घाट एका इंग्रजाकडून, खालून वर, ओरडून ऐकावा लागला. "तुम्ही गेलाय का कधी त्या गाडीने?" असंही विचारलं. आणि शेवटी ते आलंच:

"काही म्हणा, रेल्वे मात्र आम्ही तुम्हाला दिली."

इथे माझं डोकं फिरलं. दिली? रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती, आणि ती भरायची हिंदुस्थानच्या तिजोरीतून. बोरघाट खोदताना माणसं मेली हजारांनी. बरं, ज्या डेक्कन क्वीनचं ऑम्लेट अजून जिभेवर आहे, तिच्या 1930 सालच्या पहिल्या डब्यांची सांगाड्याखालची चौकट इंग्लंडची होती, पण वरचे डबे बांधले आमच्या माटुंग्याच्या कारखान्यात. डबे कसे बांधतात ते आम्हाला जरा कळतं. मी तोंड उघडलं, "हे बघा, पाच टक्के..." इथवर आलेही.

"ताण सोडू नका," मुकादम म्हणाले.

मग फोटो. "हात हलवा ना जरा! टपावरून करतात तसा!" मी सांगितलं, हात सोडता येत नाही, कापड जाईल. तेवढ्यात गृहस्थांनी पाकिटातून पाच पौंडांची नोट काढून देणगीच्या पेटीवर नुसती धरली. टाकली नाही, धरली.

"एक हात सोडला तरी चालेल," मुकादम म्हणाले.

नाकासाठी नाही चाललं. पाच पौंडांसाठी चाललं. मी हात हलवला. नोट पेटीत पडली, कॅनव्हासला सुरकुती पडली, आणि रंग सुकल्यावर ती आता कायमची. पलीकडच्या टोकाला कापड धरून एक निवृत्त दंतवैद्य बसले होते, अस्सल यॉर्कशायरचे. तेही टपावरच होते. त्यांना कुणी विचारलं नाही की घरच्यासारखं वाटतंय का म्हणून.

गृहस्थांनी घरी जाऊन तो फोटो वर्कशॉपला ईमेल केला, आणि मुकादमांनी तो छापून चहाच्या खोलीत लावला. खाली ओळ: "अस्सल भारतीय पद्धतीने!" मी म्हटलं, काढा. ते म्हणाले, अहो, प्रेमाने लावलाय. मी म्हटलं, प्रेमाने काढा. आता तो विषय समितीच्या बैठकीत येणार आहे. दुधाच्या वर्गणीनंतर, 'इतर विषय' या सदराखाली. तोवर चहा पिताना मी फोटोकडे पाठ करून बसते. मग समोर दंतवैद्य येतात आणि दर वेळी म्हणतात, फोटो फार छान आलाय तुमचा.

नवऱ्याने तर कहरच केला. तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आईचा डोंबिवलीहून फोन.

"टपावर कशाला चढलीस गं? आणि इतकं हसायला काय झालं होतं?"

"काम होतं, आई. डबे दुरुस्त करतो आम्ही."

"बरं. देतात किती?"

"काही नाही. वर्षाची वर्गणी मीच भरते."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जावईबापूंना दे जरा फोन."