प्रस्तावात कैदी कसा बसवावा

तुरुंगातून सुटलेल्या माणसांसाठी काहीतरी करावं असं तुमच्या मनात आलंय, हे ऐकून बरं वाटलं. आता ते मनातच ठेवा आणि आधी संस्था काढा. संस्था निघाली की बारा-ए आणि ऐंशी-जी या आयकराच्या नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, आणि कंपन्यांचा पैसा हवा असेल तर सीएसआर-१, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चातून (सीएसआर) पैसा घेण्यासाठीची नोंदणी. शिवाय अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. म्हणजे तीन वर्षं हे काम पैशाशिवाय केल्याचा पुरावा दिलात की ते करायला पैसा मिळू शकतो. तोवर ज्याला पाहून तुम्हाला कळवळा आला होता, तो माणूस पुन्हा आत गेलेला असेल. हरकत नाही. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली चारात तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. कच्च्या मालाची टंचाई या धंद्यात नाही.

मग शब्द. कैदी म्हणू नका, कंपनीच्या संचालकांना ठसका लागतो. सरकारी भाषेत 'बंदी', प्रस्तावात 'लाभार्थी'. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना दोन टक्के नफा समाजासाठी काढावा लागतो आणि तो कशावर खर्चायचा याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. तिथे भूक आहे, शिक्षण आहे, पर्यावरण आहे, वारसावास्तू आहेत, ऑलिम्पिकचे खेळही आहेत. सुटलेला कैदी शोधत बसू नका. त्याला 'उपजीविका वृद्धी' या शब्दांच्या आडोशाने आत घ्यायचं. त्याला लहान मुलं असली तर उत्तमच. मुखपृष्ठावर मूल घ्या आणि बापाला आतल्या पानांत टाका.

उदाहरण लागेल म्हणून आमच्या तक्त्यातला एक घेऊ. नाव सांगत नाही, गोपनीयतेचं धोरण आहे, आणि खरं सांगायचं तर आठवतही नाही. लाभार्थी क्रमांक १७.

१७ एका मध्यवर्ती कारागृहातून अकरा वर्षांनी बाहेर आला. हातात पिशवी, त्यात दोन कपडे, सुटकेचा कागद आणि आतल्या मजुरीतून उरलेले थोडे पैसे. त्याला त्या आठवड्यात काय लागणार होतं ते त्याने आम्हाला न विचारताच सांगून टाकलं. गावापर्यंत एस.टी.चं भाडं. एक चालू मोबाईल. आधारला जोडलेला नंबर बदलून द्यायला सोबत कुणीतरी, कारण जुना नंबर एव्हाना भलत्याच माणसाकडे गेला होता. आणि महिनाभर पाठ टेकायला जागा, कारण भावाने त्याचं नाव रेशनकार्डातून कमी केलं होतं आणि घरातूनही.

यातलं काही म्हणता काही प्रस्तावात लिहू नका. हातात रोख दिली तर त्याला 'अवलंबित्व' म्हणतात. खोलीचं भाडं 'शाश्वत' नसतं. चहा आणि वडापाव कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, याचं उत्तर आमच्या लेखापरीक्षकांकडेही नाही. प्रवासाचं शीर्ष आहे, नाही असं नाही. पण तो प्रवास तज्ज्ञांचा. गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास असलेला माणूस मुंबईहून पुण्याला येतो, तो काही लालपरीने येत नाही.

कार्यकर्त्याच्या पगाराचं तर नावच काढू नका. सीएसआरच्या नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या कारभाराला आहे, तुमच्या संस्थेला नाही, हे समजावत बसलात तर वर्ष जाईल. समोर बसलेल्या कंपनीच्या मॅडम ती तुमच्याच अंदाजपत्रकाला लावणार. मग १७ला घेऊन तहसील, बँक आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारा पोरगा ठरतो प्रशासकीय खर्च, आणि सभागृहातला प्रोजेक्टर ठरतो कार्यक्रम खर्च. पोराला प्रोजेक्टर म्हणून दाखवता येतं का बघा. आम्ही एकदा त्याला 'क्षेत्रीय उपकरण' लिहून पाहिलं होतं.

मूल्यांकनाची चिंता मात्र करू नका. मोठ्या कंपनीचा कोटीभराचा प्रकल्प असला की त्याचा प्रभाव मोजून घ्यावाच लागतो, आणि त्या मोजणीवर कंपनीला ५० लाखांपर्यंत, सीएसआरचा एकूण खर्च दांडगा असेल तर त्याहूनही जास्त, खर्च दाखवायची मुभा आहे. तेव्हा प्रश्नावली जाडजूड ठेवा. '१ ते ५ या मोजपट्टीवर तुम्हाला समाजाने किती स्वीकारलं असं वाटतं?' १७ने बराच विचार करून विचारलं होतं, "साहेब, शून्य नाहीये का यात?"

आता प्रशिक्षण. हा प्रस्तावाचा कणा. १७ने आत आठ वर्षं सुतारकाम केलेलं. रंधा त्याच्या हातात असा चाले की भुशाचा वाससुद्धा सरळ रेषेत येई. त्याला दहा-बारा हजारांची अवजारं दिली असती तर तो गावी जाऊन दारं-खिडक्या करत बसला असता आणि आमच्या तक्त्यातून निसटला असता. म्हणून त्याला दहा दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर दिलं. हस्तांदोलन घट्ट करावं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. अकरा वर्षं साहेब दिसले की खाली बघायला शिकलेल्या माणसाला दहा दिवसांत वर बघायला शिकवणं ही काही साधी गोष्ट नाही, आणि त्याचे फोटो फार सुंदर येतात. चेहरा धूसर करायला विसरू नका, आणि मागच्या बॅनरवरची कंपनीची खूण तेवढी स्वच्छ दिसू द्या.

शिबिराच्या शेवटी आम्ही त्याला म्हटलं, उद्या तुझी मुलाखत आहे. तो उठून उभाच राहिला.

"कोण आलंय?"

आत मुलाखत म्हणजे जाळीपलीकडे घरचं कुणी. हा घोळ टाळण्यासाठी पुढच्या तुकडीपासून 'इंटरव्ह्यू' म्हणा.

इंटरव्ह्यूत तो डोळ्यांत बघून खरं बोलला आणि तरीही त्याला एका गोदामात रखवालदार म्हणून घेतलं. त्याच संध्याकाळी 'यशस्वी पुनर्वसन' या रकान्यात खूण करून टाका. नवव्या दिवशी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं उत्तर येतं आणि दहाव्या दिवशी त्याला नको म्हणून सांगतात. पण तुमचा रकाना भरला तो नोकरी लागल्याच्या दिवशी. नोकरी किती दिवस टिकली असा रकाना तक्त्यात ठेवायचाच नाही. पुन्हा गुन्ह्याकडे वळणाऱ्यांचं प्रमाणही असंच शून्यावर आणता येतं. प्रकल्प जूनमध्ये सुरू होतो आणि ३१ मार्चला संपतो; एवढ्या थोड्या अवधीत गुन्हा, अटक, खटला आणि शिक्षा उरकण्याएवढा वेग आपल्या न्यायव्यवस्थेत नाही. तिचे आभार अहवालाच्या पहिल्या पानावर माना. मधेच कुणाला उचललंच, तर तो 'संपर्क तुटलेला लाभार्थी'.

सरकारी पैशाचं विचाराल तर तोही आहे. २०२३ साली केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तेव्हाच्या नियमांनुसार जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत, दंड भरता येत नाही म्हणून थांबलेल्याला २५ हजारांपर्यंत. मंजुरीला जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश अशी समिती. ही पाच माणसं एका टेबलाभोवती जमेस्तोवर कैदी दंडाऐवजीची कैद भोगून बाहेर आलेला असतो आणि सरकारचे २५ हजार वाचतात. याला आर्थिक शिस्त म्हणतात.

राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्याला 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना काढली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला, त्याच्या आतल्या मजुरीच्या भरवशावर, ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याजाने. चांगली योजना आहे, थट्टा करवत नाही. फक्त गंमत अशी की माणूस आत असतो तोवर त्याला पत असते, पत्ता असतो, ठरलेली मजुरी असते. बाहेर पडला की पहिल्याच बँकेत विचारतात, राहता कुठे? १७ एकदा मला गंभीरपणे म्हणाला की कर्ज काढायला परत आत जाता येईल का.

आणि त्याला परिविक्षा अधिकाऱ्यांकडे, म्हणजे सुटलेल्यांची विचारपूस करणाऱ्या सरकारी माणसांकडे, पाठवायचं असेल तर आधी समजावून पाठवा. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास खात्याचे. मिशा राखलेला पन्नाशीचा बाप्या त्या पाटीखाली अर्धा तास उभा राहतो, चुकलो म्हणून परत येतो, आणि वहीत आपण लिहितो: 'लाभार्थ्यामध्ये प्रेरणेचा अभाव.'

काही भाबडी मंडळी तुम्हाला स्वतंत्रपूरचं उदाहरण देतील. त्यांच्यापासून सावध राहा. आटपाडीजवळ १९३९ साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बायका-मुलं सोबत, कसायला जमीन. ना पायाभूत सर्वेक्षण, ना तार्किक चौकट, ना भागधारकांची बैठक. राजाच्या मनात आलं आणि माणसांना जमीन दिली! आज असा प्रस्ताव आला तर पहिल्याच चाळणीत उडेल, कारण त्यात लाभार्थ्यालाच लाभ होतोय आणि मधल्या कुणाचा उल्लेखच नाही. वसाहत अजून आहे, हा पुरावा मात्र तिथे जाऊन बघू नका. शिवारातून हिंडून आलेल्या माणसाला नंतर प्रस्ताव लिहिणं जड जातं.

मार्चअखेर झाली की उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, उरलेल्या पैशांतून डायऱ्या छापा आणि निरोपसमारंभ घ्या. १७ला भाषण करायला लावा. आमच्या १७ने केलं. दोनच वाक्यं बोलला, दुसऱ्यात अवजारांचा विषय काढला, तेवढ्यात आम्ही टाळ्या वाजवल्या.

तो अधूनमधून फोन करतो. कुठल्या कुठल्या नंबरांवरून, बहुतेक टपरीवाल्याच्या किंवा ओळखीच्या रिक्षावाल्याच्या. ते नंबर त्याच्या क्रमांकाने साठवून ठेवा, १७-अ, १७-ब असे. पुढच्या प्रस्तावात 'माजी लाभार्थ्यांशी सातत्यपूर्ण संपर्क' असं लिहायला लागतात. फोन मात्र उचलू नका. परवा चुकून माझ्याकडून उचलला गेला. तो रंध्याचा भाव सांगत होता, दुकानाचं नाव सांगत होता, दुकानदार पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे म्हणाला. मी म्हटलं, नवीन आर्थिक वर्षात बघू.