मुलं पळवणाऱ्या टोळीचा तो मेसेज खोटा आहे. कृपया पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात धनकवडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका दिवसात तीन वेगवेगळ्या लोकांनी हा मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा:

"सर्व पालकांना पुणे पोलिसांकडून सूचना. शहरात मुलं पळवणारी ४०० जणांची टोळी उतरली आहे. कात्रज, धनकवडी, भोसरी, निगडी भागातून २५ मुलं गायब. साधू, भिकारी, सुया-बिब्बे विकणाऱ्या बायका अशा वेशात फिरतात. पांढरी व्हॅन वापरतात. मुलांच्या किडन्या काढून विकतात. खालचा व्हिडिओ आणि फोटो बघा. संशयित दिसला तर सोडू नका. खरं-खोटं माहीत नाही, पण पुढे पाठवायला काय जातं?"

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. मेसेज वाचला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. त्या संध्याकाळी मी तिला खाली खेळायला सोडलं नाही. त्यामुळे ज्यांनी हा मेसेज काळजीपोटी पाठवला त्यांना मी दोष देत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत जे झालं ते पाहिल्यावर गप्प बसणं मला शक्य नाही.

सुया, दाभण, बिब्बे, काळी पोत विकणारी एक बाई आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी येते. त्या दिवशी तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर होतं. गेटपाशी सहा-सात जणांनी तिला अडवलं. टोपली उलटी करून बघितली. मग एकानं विचारलं, "हे पोर कुणाचं?" ती म्हणाली, माझं. "कशावरून?" तिच्याकडे आधार कार्ड मागितलं, पोराचा जन्मदाखला मागितला. एक जण मोबाईलवर चित्रीकरण करत होता, आणखी चार जण रस्त्यापलीकडून येत होते. पोर घाबरून रडायला लागलं, तर कुणीतरी म्हणालं, "बघा, रडतंय, हिचं नसणार."

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गोंधळ ऐकून खाली आल्या म्हणून निभावलं. त्या तिच्याकडून कित्येक वर्षं बिब्बे घेतात. त्यांनी तिला नावानं हाक मारली, पोराला स्वतःकडे घेतलं आणि म्हणाल्या, "बाळंतपणाला गेली होती तेव्हा मीच हिला जुनी लुगडी दिली दुपट्यांना. कुणाचं पोर म्हणून काय विचारता?" लोक पांगले. आजी त्या दिवशी मुलाकडे चिंचवडला गेलेल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून त्या मेसेजमधला एकेक दावा घेते.

"पुणे पोलिसांकडून सूचना"

मेसेजमध्ये कात्रज, धनकवडीबरोबर भोसरी आणि निगडी आहे. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. भोसरी आणि निगडी ही ठाणी त्या आयुक्तालयात येतात. पुणे शहर पोलिसांनी खरंच सूचना काढली असती तर स्वतःच्या हद्दीबाहेरच्या ठाण्यांची नावं त्यात घातली नसती. ज्यानं हे लिहिलं त्याला पुण्याची नावं माहीत आहेत, पुण्याचा कारभार माहीत नाही.

मेसेजमध्ये तारीख नाही, ठाण्याचं नाव नाही, गुन्ह्याचा नंबर नाही, अधिकाऱ्याचं पद नाही. तारीख नसणं हा योगायोग नव्हे. "काल", "आत्ताच" असं लिहिलेला मेसेज कधीच शिळा होत नाही. २०१८ साली महाराष्ट्रभर याच साच्यातले मेसेज फिरत होते. गावांची नावं तेवढी बदलतात.

आणि २५ मुलं? सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये आदेश दिला आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की तिची प्राथमिक खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवलीच पाहिजे आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून तपास सुरू केला पाहिजे. म्हणजे २५ मुलांचे २५ गुन्हे, २५ घरं, ५० आईबाप. यातला एकही आपल्या ओळखीचा नाही, ओळखीच्याच्या ओळखीचा नाही, एकाही वर्तमानपत्रात नाही? मी आमच्या चौकीत जाऊन विचारलं. या भागातून अशी एकही तक्रार नाही, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. चालत दहा मिनिटांचं अंतर आहे. मेसेज पाठवणाऱ्या तिघांपैकी कुणीही गेलं नव्हतं.

"खालचा व्हिडिओ आणि फोटो बघा"

व्हिडिओत मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. पाहताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा म्हणूनच तो बनवला होता. तो कराचीतला आहे. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती व्हावी म्हणून तिथल्या एका संस्थेसाठी केलेली ती फिल्म आहे. मूळ चित्रफितीत पुढे तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कराचीत मुलं पळवणं किती सोपं आहे, असा त्याचा आशय. भारतात फिरताना शेवटचा तो भाग कापला गेला. मुलांना वाचवण्यासाठी केलेली फिल्म कापून तिच्या जोरावर माणसं मारली गेली.

ओळीनं झोपवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांचा फोटो तर त्याहून वाईट. ही मुलं सीरियातली आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घौटा भागात झालेल्या रासायनिक हल्ल्यात ती गेली. "किडन्या काढलेली मुलं" म्हणून तो फोटो आपल्याकडे फिरतोय. दुसऱ्या कुणाच्या तरी आईबापांचं दुःख आपण आपल्या भीतीला इंधन म्हणून वापरतो आहोत.

"किडन्या काढून विकतात"

किडनी म्हणजे गाडीचा सुटा भाग नव्हे. रक्तगट जुळावा लागतो, पेशींची जुळणी बघावी लागते, देणाऱ्याचं रक्त घेणाऱ्याच्या रक्ताशी तपासावं लागतं. या तपासण्या आधी होतात. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सकांचा चमू लागतो. काढलेला अवयव थंड ठेवला तरी साधारण एक-दीड दिवसात बसवावा लागतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हे काम फक्त नोंदणी झालेल्या रुग्णालयातच करता येतं. पांढऱ्या व्हॅनमध्ये रस्त्यावरून उचललेल्या मुलाची किडनी काढून विकणं असं होतच नाही.

किडनीचे गैरव्यवहार होतात, हे मी नाकारत नाही. पुण्यातच २०२२ साली एक प्रकरण बाहेर आलं. त्यात पैशांचं आमिष दाखवून एका गरजू बाईला रुग्णाची पत्नी म्हणून कागदोपत्री उभं केल्याचा आरोप होता. असे व्यवहार असेच चालतात: अडलेला प्रौढ माणूस, खोटी कागदपत्रं, मधले दलाल. पिशवी घेतलेला साधू त्यात कुठेच नसतो.

"पांढरी व्हॅन"

नंबर नाही. शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही शाळेबाहेर उभं राहून पांढऱ्या व्हॅन मोजा.

"साधू, भिकारी, सुया-बिब्बे विकणाऱ्या बायका"

या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वासुदेव, नंदीबैलवाले, डवरी गोसावी, पोतराज, वैदू, ही महाराष्ट्राची भटकी माणसं आहेत. दारोदार फिरणं हा यांचा वेश नाही, पोटापाण्याचा धंदा आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मेसेजनं त्यांची वर्णनं गुन्हेगाराची खूण म्हणून छापली. मळके कपडे, अनोळखी बोली, खांद्यावर झोळी. ज्यांच्याकडे पत्ता नाही, कागद नाहीत, ओळखीचा नगरसेवक नाही, नेमकी तीच माणसं या वर्णनात बसतात.

अनोळखी माणूस म्हणजे धोका, असं पुणं कधी मानत आलंय? दरवर्षी माउलींची आणि तुकोबांची पालखी भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला असते. लाखो अनोळखी माणसं शहरात येतात, झोळ्या घेऊन, मळक्या कपड्यांत. आपण त्यांना पिठलं-भाकरी वाढतो, त्यांचे पाय चेपून देतो, आपली पोरं त्यांच्या पाया पडायला पुढे करतो.

"सोडू नका" आणि "पुढे पाठवायला काय जातं?"

काय जातं ते सांगते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला तिथे आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या भागात आधीपासून पसरल्या होत्या. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे मारून मारून पाचही जणांचा जीव घेतला.

१६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक, तिघांना जमावानं ठार केलं. तिथेही चोरांच्या, मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा होत्या. पोलीस समोर असून ते वाचले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. ते पंढरपूरला निघाले होते आणि एका मुलाला रस्ता विचारला, एवढंच निमित्त झालं. ते जिवंत राहिले.

राईनपाड्यात मारणाऱ्यांनाही आपण आपल्या मुलांना वाचवतोय असंच वाटत असणार. आमच्या गेटपाशी त्या बाईची टोपली उलटी करणाऱ्यांनाही तसंच वाटत होतं. मी त्यांना ओळखते, ती वाईट माणसं नाहीत. म्हणूनच मला भीती वाटते.

कायद्याचंही सांगून ठेवते, कारण "मी फक्त उभा होतो" असं म्हणून सुटता येत नाही. बेकायदा जमावानं गुन्हा केला तर त्या जमावातला प्रत्येक जण दोषी धरला जाऊ शकतो. घबराट पसरवणारी अफवा प्रसारित केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली तर तो पाच किंवा अधिक हातांतून तुमच्यापर्यंत आलेला असतो. मूळ कुणी लिहिलं हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं.

"मग काळजीच करायची नाही का?"

हा प्रश्न मला ग्रुपवर एका आईनं विचारला आणि तो रास्त आहे. मुलं हरवतात. गणपतीच्या गर्दीत हात सुटतो, निकालाच्या भीतीनं कुणी घर सोडतं, कामाचं आमिष दाखवून ओळखीचा माणूस घेऊन जातो. काळजी करायलाच हवी. पण ती कुठे करायची?

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच सांगते: नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शाळेतला कर्मचारी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्याच सफाई कामगाराला अटक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या वानवडीत, शाळेच्या व्हॅनमध्ये दोन सहा वर्षांच्या मुलींवर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली व्हॅनचालकाला अटक झाली. त्या गाडीत आपण रोज स्वतःच्या हातानं मुलं बसवतो.

म्हणून वेळ घालवायचा तर इथे घाला. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांप्रमाणे गाडीत महिला मदतनीस हवी. तुमच्या मुलीच्या व्हॅनमध्ये आहे का? शेवटी उतरणारं मूल चालकाबरोबर एकटं किती वेळ असतं? मी परवा पहिल्यांदा विचारलं. आमच्या मार्गावर उत्तर आलं, पंचवीस मिनिटं. आम्ही चार पालकांनी मिळून उतरायचा क्रम बदलून घेतला आणि मदतनीस बाई नेमल्याशिवाय पुढच्या महिन्याचे पैसे देणार नाही असं कळवलं.

मुलांना आपला मोबाईल नंबर पाठ हवा. लहानग्यांच्या खिशात चिठ्ठी हवी, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढ्यावर थांबू नका. कुणीही, अगदी घरातल्या माणसानंही, "आईला सांगू नको" म्हटलं तर ते आधी आईला सांगायचं, हे शिकवा. आणि सांगितल्यावर रागावू नका.

कुणाबद्दल खरंच शंका आली तर ११२ ला फोन करा, लांब उभं राहा, हात लावू नका, चित्रीकरण पसरवू नका. मुलांसाठी १०९८ आहे. मूल दिसेनासं झालं तर चोवीस तास थांबावं लागतं, असा अजून पुष्कळांचा समज आहे. तो चूक आहे. त्याच तासाला जा, जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. हद्द कुणाचीही असो, त्यांनी तक्रार नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, शेवटी कुठे दिसलं, एवढं घेऊन निघा. एफआयआरची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.

ज्यांनी हा मेसेज पाठवला असेल त्यांनी तो जिथे जिथे गेलाय तिथून काढावा आणि खाली "हे खोटं होतं" असं लिहावं. नुसता काढला तर वाचलेल्यांच्या डोक्यातून जात नाही. आमच्या ग्रुपवर तिघांपैकी दोघांनी तसं लिहिलं आहे. तिसऱ्या काकांच्या घरी आज संध्याकाळी आजी आणि मी जाणार आहोत.