वारसा यादीतला वाडा सरकारजमा होत नाही

ठाण्यातल्या जुन्या वाडेवाल्यांत सध्या एक मजकूर मोबाइलवर फिरतोय: ‘वाडा वारसा यादीत गेला की सरकारजमा; साधं कौलही बदलता येत नाही.’ साफ चूक. ही यादी म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंची नोंद; तीत नाव लागलं तरी मिळकतपत्रिका मालकाच्याच नावावर राहते. संरक्षित स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे. त्यातही मालकी आपोआप जात नाही. दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. शेजारच्या मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे.

घात करतो तो पाऊस. एक कौल सरकतं, वासा भिजतो, तुळई कुजते. मग कुणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतो आणि ओल आतच कोंडते. खर्च मात्र बहुतेकदा मालकाच्याच खिशातून. रडायचंच तर त्यावर रडा!