बंद पडू दे

आज डोकं फिरलंय माझं, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी सरळ पुढे जा.

सकाळी लेकीला घेऊन निघाले, म्हणजे ती चालवत होती आणि मी शेजारी. १८ पूर्ण झालेत, एलचा लाल बोर्ड पुढे-मागे ठसठशीत लावलाय. एका सिग्नलला थोडा चढ आहे, पायी जाताना लक्षातही येणार नाही एवढासा, पण नवीन क्लचवाल्याला तो डोंगरच असतो. सिग्नल सुटला, तिने क्लच सोडला, गाडीने दोन गचके खाल्ले आणि बंद. परत चालू केली, परत गचका, परत बंद. मागच्या गृहस्थांनी दुसऱ्या सेकंदाला हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पीं पीं पण नाही हो, एकसलग पींऽऽऽ. तुमच्या समोर फूटभर मोठा एल दिसतोय ना? तुम्ही काय आईच्या पोटातून गिअर टाकत आलात का?

असेल त्यांनाही घाई, असेल गाडीत कुणी आजारी, मान्य. पण हॉर्नने क्लच पकडत नाही एवढं तरी कळायला हवं.

खरं सांगायचं तर राग त्यांचा नाहीच आलाय एवढा. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मी ओरडले. 'अगं हळू सोड म्हणतेय ना!' हे हॉर्नपेक्षा मोठ्या आवाजात. आणि त्याच्यापुढे जे तोंडातून बाहेर पडणार होतं तो शब्द होता 'उतर'. अक्षरशः 'उ' पर्यंत आला होता. कसा गिळला माझं मला माहीत.

हा शब्द माझा नाही, बाबांचा आहे. मी १९ वर्षांची, बाबांची जुनी गाडी, असाच एक चढ. त्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की असा करर्र आवाज यायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. त्यात चढ. माझी गाडी बंद पडली, मागे सरकायला लागली, बाबांनी खाडकन हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, 'उतर. तुला जमणार नाही.' मी उतरले, गाडीला पुढून वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. ते चार-पाच पावलांचं अंतर अजून पायात आहे माझ्या. त्यानंतर सात वर्षं स्टिअरिंगला हात लावला नाही.

दादाला पण त्यांनीच शिकवलं, त्याच गाडीवर. पण दादाची गाडी बंद पडली की क्लच खराब, माझी पडली की मी खराब. असो. घरोघरी तेच.

मुद्दा असा आहे की गाडी बंद पडणं ही चूक नाहीच मुळी! इंजिन कायम फिरत असतं, चाकं थांबलेली असतात, आणि या दोघांच्या मध्ये क्लचची प्लेट. बहुतेक गाड्यांचं इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला ७०० ते ९०० फेरे मारतं. थांबलेली चाकं एकदम त्याच्या गळ्यात टाकली तर ते दम तोडणारच. प्लेट हळूहळू घासत घासत इंजिनचा वेग चाकांना देते, आणि हे सगळं पेडलच्या मधल्या जेमतेम दोन बोटांच्या अंतरात होतं. ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, प्लेट झिजली की तीही सरकते. कुणी सांगून कळत नाही, पायालाच कळावी लागते. आणि पायाला कधी कळणार? चार वेळा ती ओलांडून गाडी बंद पडेल तेव्हा!

लेकीला आधी ड्रायव्हिंग क्लासला घातलं होतं. नाव घेत नाही. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच असतो, सुरक्षित आहे, नवख्याला तेच बरं, मान्य. पण झालं काय, तिचा पाय जरा चुकला की सर आपला क्लच दाबायचे. सगळा क्लास झाला, गाडी एकदाही बंद पडली नाही, पोरगी खूश, 'आई मला येते गाडी.' आमच्या गाडीत बसली आणि पहिल्या दहा मिनिटांत अकरा वेळा बंद. रडली बिचारी. क्लास तिने केला पण क्लच सरांनी केला.

मग मी तिला रिकाम्या सपाट मैदानावर नेलं आणि सांगितलं, एक्सलेटरला हातही, म्हणजे पायही लावायचा नाही. पहिला गिअर, टाच जमिनीला, क्लच इतका हळू वर आण की मला झोप लागली पाहिजे. एका ठिकाणी इंजिनचा आवाज खाली बसतो, गाडी अंग चोरल्यासारखी थरथरते, तीच ती जागा. तिथे थांब. गाडी आपली आपण सरकेल, मुंगीच्या गतीने. दाब, थांब, परत. चाळीस मिनिटं एवढंच. दुसरा गिअरसुद्धा नाही. तिने कंटाळून डोळे फिरवले, पण त्यानंतर सपाटीवर गाडी बंद पडायची थांबली. आता यात उलट्या टोकाची भीती अशी की मुलं तिथेच पाय ठेवून बसतात, सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात आणि त्यात त्यांना फार हुशारी वाटते. मग जळका वास येतो. तो वास एकदा आला की विसरायचा नाही, ती तुमची प्लेट चाललीये.

ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही हां. मला गाडी शिकवली ती माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, लग्नानंतर. शेजारी बसून खिडकीबाहेर बघायच्या. बंद पडली की माझ्याकडे मान न वळवता, 'पडली? पडू दे. ब्रेक दाब, न्यूट्रल कर, चालू कर.' बास. मागे दहा गाड्या खोळंबल्या तरी तोच सूर. मी घाबरले की मला त्यांचाच राग यायचा, की बाई काहीतरी बोल ना! आता कळतंय की न बोलायला किती ताकद लागते. आज सकाळी माझ्याकडे नव्हती ती.

'आता कशाला मॅन्युअल शिकवतेस, ऑटोमॅटिक घे की' हे कृपया कमेंटमध्ये लिहू नका. माहितीये मला, इलेक्ट्रिकमध्ये तर क्लच नसतोच, आणखी काही वर्षांनी ही पोस्ट हास्यास्पद वाटेल. वाटू दे. आज घरात जी गाडी आहे तिला तीन पेडल आहेत आणि रात्री-बेरात्री कुणाला कुठे न्यायची वेळ आली तर पोरीला ती चालवता आलीच पाहिजे. शिवाय लांब उतारावर नुसता ब्रेक दाबून तो तापवायचा नसतो, खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनलाच गाडी धरू द्यायची असते, हे ज्याने हाताने गिअर टाकलाय त्याला न सांगता समजतं.

सकाळचं राहिलंच की. तो 'उ' गिळल्यावर मी काहीच बोलले नाही. ती पण नाही. मग तिनेच हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, जरा रेस दिली, क्लच वर आणला, आवाज खाली बसला, हँडब्रेक सोडला आणि गाडी निघाली. नुसती निघाली. मागे एक इंच नाही. मी मैदानावर शिकवलं होतं तिला हे, पण तिला आठवलं ते मी गप्प बसल्यावर. पुढे गेल्यावर म्हणते, 'आई, पाय काढ.' बघते तर माझा उजवा पाय समोरच्या मॅटवर गच्च दाबलेला, जिथे ब्रेक नाहीये तिथे.

आणि मला बाबांची मॅट आठवली. त्या जुन्या गाडीत शेजारच्या सीटसमोरची मॅट एका जागी पार विरून गेली होती, टाचेएवढं भोक. तिथे तर बहुतेक वेळा आईच बसायची, आणि आई आरामात झोपायची गाडीत! म्हणजे ते भोक आमच्या शिकण्याचं, दादाचं आणि माझं. माणूस घाबरला होता हो. हातात ना ब्रेक ना क्लच, एक हँडब्रेक तेवढा.

मघाशी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, 'उ' सकट. ते आधी म्हणाले, 'चढ किती होता?' हेच विचारणार होते म्हणा. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, 'त्या दिवशी आपल्या मागे एक बाई लहान मुलाला घेऊन रस्ता ओलांडत होती. तुला आरशात दिसली नसेल.'

२८ वर्षं! २८ वर्षं हे पोटात ठेवलं माणसाने! मी म्हटलं, अहो मग तेव्हाच सांगायचं ना, की मागे माणूस आहे म्हणून ओढला ब्रेक. 'तुला जमणार नाही' कशाला म्हणायचं? त्यावर म्हणाले, 'तेव्हा सुचलं नाही.' राग गेलाय असं नाही. पण कुठे ठेवू तो आता हे कळत नाहीये.

उद्या सकाळी परत त्याच सिग्नलला जाणार आहोत. बाबा येतो म्हणालेत, मागच्या सीटवर बसणार. लेकीची अट आहे की आजोबांनी एक अक्षर बोलायचं नाही. ते हो म्हणालेत. बघू.